पंधरा दिवस पाय ठेवायचा नाही

ठेकेदार फाटकापासून पोर्चपर्यंत चालत गेला, मग उलटा चालत आला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काका, ही वाट आहे की म्हाताऱ्याचं तोंड? एक दात वर, एक खाली, दोन गायब!"

"म्हणूनच तुम्हाला बोलावलं," काका म्हणाले. ते हसले नाहीत.

फाटकातून घरापर्यंत गाडी यायची, ती ही वाट. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती आणि मधली सगळी रुंदी दगडी फरशांची. फाटकाजवळच्या झाडाच्या मुळांनी निम्म्या फरशा वर उचलल्या होत्या, उरलेल्यांच्या फटींत गवत माजलं होतं, आणि वाट संपते तिथे पोर्चला दोन उंच पायऱ्या. काकांना हे सगळं उखडून सलग काँक्रीट हवं होतं. पायऱ्यांच्या जागी उतार हवा होता, थेट उंबरठ्याला भिडणारा.

"उंबरठ्याला? गाडी काय बैठकीच्या खोलीत लावणार?"

"उतार हळू पाहिजे. भरलेलं भांडं हातात घेऊन चढलं तरी पाणी हिंदकळू नये, इतका हळू."

"मग तो पार शेजाऱ्यांच्या त्या खिडकीपासून धरावा लागेल. गाडीला एवढा लागत नाही हो."

"धरा."

"आणि वरून गुळगुळीत?"

"गुळगुळीत नको, निसरडं होईल. पण खडबडीतही नको."

"म्हणजे जावई असावा तसा," ठेकेदार म्हणाला, आणि टेप गुंडाळून खिशात टाकली. "तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा. सोमवारी माणसं पाठवतो."

आता काकांच्या मनात काय होतं ते ठेकेदाराला ठाऊक नव्हतं. आपल्याला मात्र ठाऊक असलेलं बरं.

काकूंना झटका आला होता. स्वयंपाकघरात उभ्या होत्या, हातात झारा होता, आणि झारा हातातून कधी पडला तेही त्यांना कळलं नाही. डावं अंग गेलं. जीव वाचला, वाचा शाबूत राहिली. "देवाने नेमकी जीभच ठेवली, तुमचं नशीब," त्या दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला म्हणाल्या. पण उभं राहणं गेलं ते गेलंच. डॉक्टरांनी सांगितलं, महिना-दीड महिना इथे ठेवू, व्यायाम करून घेऊ, मग घरी जातील, मात्र व्हीलचेअरमधून. डॉक्टर खोलीबाहेर पडले तसा काकूंनी चांगल्या हाताने काकांचं मनगट धरलं.

"कुणाला सांगायचं नाही. गल्लीत एकालाही नाही."

"अगं, विचारतील की."

"लेकीकडे गेलीय म्हणा. लोक येतात, पायाशी बसतात, 'अरेरे' म्हणतात आणि सहा केळी ठेवून जातात. मला केळी नकोत. मी माझ्या फाटकातून आत येईन, केस नीट विंचरलेले असतील, दारात बसेन, मग बघू दे ज्याला बघायचं त्याला. तोवर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," काका म्हणाले.

आणि काकांचं 'कबूल' म्हणजे दगडावरची रेघ. जन्मभर त्यांनी औषधाचं दुकान चालवलं होतं. त्यांच्या दुकानातून नुसती गोळी घेऊन कुणाला सुटता यायचं नाही. जेवणानंतर म्हणजे जेवणानंतर, चहा-बिस्किट हे जेवण नव्हे. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच थांबवायच्या नाहीत. माणूस पायऱ्या उतरून पार रस्त्यावर गेला तरी हे काउंटरमागून ओरडायचे, "पाच दिवस म्हणजे पाच दिवस!" लोक त्यांची नक्कल करायचे. पण लहान लेकराला औषध द्यायचं असलं की दुसरं दुकान ओलांडून त्यांच्याकडेच यायचे. सांगितलं ते अक्षरशः पाळलं तरच गुण येतो, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि श्रद्धा म्हणावी इतकी ती खोल होती.

व्हीलचेअर त्यांनी गाडीच्या डिकीत घडी करून आणली आणि मागच्या खोलीत चादरीखाली झाकून ठेवली. सवय व्हावी म्हणून तिच्यात तांदळाचं पोतं बसवून ते घरातल्या घरात ढकलायचे. वजन कमी वाटलं म्हणून पोत्यावर जुन्या वह्यांचा गठ्ठा बांधला. एके दुपारी गल्ली सामसूम बघून त्यांनी खुर्ची कशीबशी पायऱ्यांवरून खाली उतरवली आणि फरशांवर घेतली. पहिल्याच फटीत पुढचं चाक अडकलं, खुर्ची झुकली, आणि पोतं तोंडावर आपटलं. काका धावले, गुडघे टेकून पोतं दोन्ही हातांनी उचलायला लागले, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "लागलं का गं?"

त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी ठेकेदाराला फोन केला होता.

ठेकेदार मनाने चांगला, हाताने त्याहून चांगला. कामात खोट नाही, सिमेंटमध्ये हात मारणं नाही. खोड एकच, मुदत सांगताना तो दुप्पट सांगायचा. कीर्तनकाराने "आता आवरतं घेतो" म्हटलं की जाणता श्रोता चपला शोधायला उठत नाही, उलट मांडी ठाकठीक करून बसतो. बोलणारा आणि ऐकणारा, दोघांनाही आतला हिशेब माहीत असतो. ठेकेदाराचंही तेच. पूर्वी तो खरं तेवढंच सांगायचा. मग गिऱ्हाईक त्याच्या निम्म्यात गाडी घालायचं, ओल्या काँक्रीटला चाकाची घळ पडायची, आणि "तुमचा माल हलका" म्हणून बोल ठेकेदाराला लागायचा. दोन-तीनदा असं पोळल्यावर तो शहाणा झाला. पंधरा दिवस सांगावे, लोक सात पाळतात आणि काम टिकतं. चालायचं म्हटलं तरी पंधराच, कारण पायाला परवानगी दिली की पायामागून मोटारसायकल येते. इतक्या वर्षांत पंधराचे पंधरा दिवस पाळणारा माणूस त्याला भेटला नव्हता. असा माणूस असू शकतो हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

काम छान झालं. फरशा निघाल्या, मुळं तोडली, मुरूम धुम्मसने ठोकून बसवला, फळ्या लावल्या, जाळी अंथरली आणि एका सकाळी मिक्सर घुमायला लागला. उतारापाशी मिस्त्रीच्या हातचं ठेकेदाराला पसंत पडेना. तो स्वतः गुडघ्यावर बसला आणि रंधा फिरवत, मागे सरकत, त्याने उतार असा ओढला की बघणाऱ्याला तो उतार आहे हेच कळू नये. वरून झाडू फिरवून बारीक रेघा काढल्या, पाय घसरू नये म्हणून. काका पोर्चमध्ये उभे राहून बघत होते.

"झालं का मनासारखं?" ठेकेदाराने विचारलं.

काकांना काहीतरी बोलायचं होतं. ओठ हलले. पण 'कबूल' म्हटलं होतं. "झालं," ते म्हणाले.

फाटकापाशी आणि पोर्चपाशी दोऱ्या बांधल्या गेल्या. हात धुता धुता ठेकेदाराने आपलं नेहमीचं निरूपण केलं. "आता नीट ऐका काका. सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, भरपूर. आणि पंधरा दिवस यावर पाय ठेवायचा नाही. माणूस नाही, मांजर नाही. पंधराव्या दिवशी मी स्वतः येऊन दोरी सोडणार."

"आणि चुकून पडलाच पाय?"

"मग जन्मभर ठसा बघत बसायचं."

मिस्त्री गालातल्या गालात हसला. काका हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली, डॉक्टरच्या चिठ्ठीपुढे डोलवायचे तशी.

त्या दिवसापासून काका मागच्या दाराने ये-जा करू लागले. मागे एक बोळ होता, इतका अरुंद की पिशवी आधी पुढे करायची आणि मग आपण तिच्यामागून आडवं सरकायचं. सकाळी पाणी मारून ते हॉस्पिटलात जायचे, संध्याकाळी परत येऊन पाणी मारायचे.

आणि तिसऱ्याच दिवशी डॉक्टर हसत हसत खोलीत आले. "काकूंनी आम्हाला हरवलं! इतक्या लवकर तब्येत सावरेल असं वाटलं नव्हतं. उद्या-परवा घरी न्या. आता इथे ठेवून उपयोग नाही. उलट हॉस्पिटलात राहिलं की छातीत काहीतरी शिरतं."

आईचे केस विंचरायला लेक गावाहून येऊन राहिली होती. तिने आनंदाने टाळीच वाजवली. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. काकांचा चेहरा पडला होता.

"काय झालं हो?"

"रस्ता ओला आहे."

"म्हणजे?"

"परवाच घातला. पंधरा दिवस पाय ठेवायचा नाही."

"बाबा, मागच्या बोळातून नेऊ."

"खुर्ची जात नाही. मी मापून बघितलंय."

"मग चार माणसं बोलवू. खुर्चीसकट उचलून—"

"काही नको," काकू म्हणाल्या. "चौघांनी मला उचलायचं ते एकदाच, आणि तेव्हा लाजायला मी जागी नसेन."

"आई! काहीही बोलतेस."

"मग माझ्याकडे चला," लेक म्हणाली, पण म्हणता म्हणताच तिचा आवाज उतरला. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, आणि लिफ्ट नव्हती.

"बाबा, त्या ठेकेदाराला सरळ सांगा ना, आईला आणायचंय म्हणून. तो काहीतरी मार्ग काढेल."

"त्याला सांगितलं की गावाला सांगितलं," काकू म्हणाल्या. "बारा घरी कामं असतात त्याची. उद्या केळी हजर. अहो, आणि पंधरा दिवसांनी काय बिघडतंय? मी कुठे पळून चाललेय? पळायला पाय तरी आहेत का?" आणि स्वतःच हसल्या, अर्ध्या तोंडाने. आता त्यांचं सगळं हसणं तसंच होतं.

काका बाहेर जाऊन फोन लावून आले. कारण सांगायचं नव्हतं, पण विचारायला हरकत नव्हती.

पलीकडे मिक्सर धडधडत होता. "बोला काका! पाणी मारताय ना?"

"मारतोय. एक विचारायचं होतं. पाय ठेवला तर चालेल का आता? हलकं काही. एका माणसाचं वजन."

ठेकेदार मोठ्याने हसला. हा फोन त्याला ठरलेला असायचा. दर गिऱ्हाइकाचा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, याच शब्दांत. पुढे काय होतं तेही ठरलेलं. "काका, एक माणूस गेला की दुसरा जातो, मग सायकल जाते, मग तुमची गाडी आत आलेली असते! पंधरा म्हणजे पंधरा. दोरीला हात लावायचा नाही."

"एखाद-दोन दिवस इकडेतिकडे?"

"अहो, तुम्ही औषध देताना करत होतात का इकडेतिकडे?"

 काका मनातून थोडे शरमले. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले, आणि आत येऊन बायकोला म्हणाले, "पंधराच."

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा तिकडे फेरा झाला. कडेच्या फळ्या सोडवायच्या होत्या. काका घरी नव्हते. ठेकेदाराने दोरी ओलांडली आणि बूट घालून तो फाटकापासून उतारापर्यंत रमतगमत चालत गेला, मिस्त्री घमेलं घेऊन त्याच्या मागे. दोघांनी फळ्या काढल्या, उतारावरच टेकून तंबाखू मळली, आणि आले तसे चालत गेले. "असं पाणी मारणारं गिऱ्हाईक बघितलं नाही रे," ठेकेदार म्हणाला, "काँक्रीट कसं लोखंड झालंय." जाताना दोरीची गाठ त्याने पुन्हा घट्ट केली.

आता यात पापी कोण, सांगा. बायकोने मानाने घरी यायचं म्हटलं, नवऱ्याने दिला शब्द पाळला, ठेकेदाराने आपल्या कामाची राखण केली. तिघांच्याही पोटात काळं काही नव्हतं. पण बोललेल्या एका शब्दाची गरज होती, आणि तो तिघांच्या मध्ये कुठेतरी अडकून बसला होता, जसा घशात अडकावा.

काकूंना एक नवीनच करमणूक झाली. काका दारात दिसले की विचारायच्या, "काय म्हणतो माझा रस्ता?"

"रंग बदलतोय. आधी काळपट होता, आता राखेसारखा व्हायला लागलाय."

"आणि उतार?"

"उतार बघून तू म्हणशील, आहे कुठे?"

"मी एकटीने चढेन का हो? एका हाताने चाक फिरवत?"

"पहिले काही दिवस मी मागे असेन."

"तुम्ही मागे असालच हो. मी विचारतेय, तुम्ही नसलात तर."

काकांनी काकूंची चादर नीट केली. मग म्हणाले, "चढशील."

मग काकू डोळे मिटून देवाचं काहीतरी गुणगुणायच्या. आवाज पूर्वीसारखा लागत नव्हता, एक बाजू निसटायची, पण सूर जागेवर असायचा. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणायची, काकू, जरा मोठ्याने गा ना. काकू म्हणायच्या, घरी या माझ्या, दारात बसून गाणार आहे मी, तेव्हा ऐका.

एके दुपारी त्या गायल्या नाहीत. खोकला होता. रात्रीतून ताप चढला. डॉक्टर आता हसत नव्हते. छातीत पाणी आहे म्हणाले, औषध बदललं, नळी लावली. काकांनी बाटलीवरचं औषधाचं नाव वाचलं. कोणतं औषध कधी देतात हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

नळी लावायच्या आधी काकू म्हणाल्या, "किती राहिले?"

"थोडेच."

"मग एवढं तोंड कशाला वाईट करता? आधी रस्ता वाळू दे. अर्धाकच्चा नको. मला तुमचं माहीत आहे, मधेच सोडायचं नाही."

लेक रात्री तिथेच राहिली. काकांना तिने बळेच घरी पाठवलं, पाठ टेका म्हणून. सकाळी ते पाणी मारत होते. हातात पाइप होता. फोन वाजला.

"बाबा, या. आत्ता या."

काकांनी पाइप टाकला. मागचं दार, बोळ, पिशवी, काही सुचलं नाही. ते दोरीखालून वाकले आणि चपलांसकट त्या ओल्या, चकचकीत रस्त्यावरून सरळ फाटकाकडे धावत सुटले.

पोचले तेव्हा लेक भिंतीला टेकून उभी होती. ती रडत नव्हती. तिने नुसतं दाराकडे बोट केलं.

पुढचं सगळं तिथूनच झालं. काकूंना घरी आणलं नाही. लेकीने विचारलंसुद्धा नाही, कुणाला विचारणार होती? दोरी बांधलेली होती आणि पंधरा दिवस भरले नव्हते. तिन्हीसांजेला बापलेक गल्लीत परत आले तेव्हा पाइपमधून पाणी तसंच वाहत होतं, फाटकाखालून पार रस्त्यावर ओघळ गेला होता. लेक बोळाकडे वळली. काका म्हणाले, "तू हो पुढे. मी नळ बंद करतो."

बोळातला नळ बंद करून ते परत फाटकाशी आले. उजेड अजून होता. सकाळी कुठून धावलो ते त्यांना नेमकं आठवत होतं, झाडाच्या अंगाने, मधोमध, जीव मुठीत धरून, टाच आपटत. ते वाकले. तळहात रस्त्यावर फिरवला, एकदा, मग पुन्हा, आंधळ्याने चेहरा चाचपावा तसा. झाडूच्या बारीक रेघा हाताला लागत होत्या. ठसा कुठेच नव्हता. टाचेचा नाही, चपलेचा नाही, एका कंगोऱ्याचाही नाही.

काका बराच वेळ तिथेच बसून राहिले. मग उठले, बोळातून आडवे सरकत घरात गेले, आणि याबद्दल कुणापाशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाइप उचलला आणि पाणी मारलं. लेकीने खिडकीतून पाहिलं आणि तिला वाटलं, आई गेल्याचं बाबांना अजून उमगलेलं नाही.

पंधराव्या दिवशी ठेकेदार आला, नवा शर्ट घालून. काम बघायला यायचा तेव्हा तो नेहमी नवा शर्ट घालायचा. फाटकाबाहेर लेक उभी होती.

"काका कुठे? दोरी सोडायचा मुहूर्त आला!"

"बाबा आत आहेत. तुम्हाला कळलं नाही वाटतं. आई गेली."

ठेकेदाराचा हात दोरीवर होता तो खाली आला. "काकू? त्या तर तुमच्याकडे होत्या ना?"

"हॉस्पिटलात होती. झटका आला होता. व्हीलचेअरमधून घरी यायची होती, म्हणून तर हा रस्ता, हा उतार. डॉक्टर न्या म्हणाले होते, पण रस्ता ओला होता म्हणून बाबांनी थांबवलं. मग ताप आला."

"व्हीलचेअर?" ठेकेदार म्हणाला. "अहो ताई, व्हीलचेअरला काय, ती तर—"

आणि तो थांबला. जीभ चावावी तसा थांबला, पण लेकीने त्याच्या चेहऱ्यावर उरलेलं वाक्य वाचलं होतं.

"ती तर काय?"

ठेकेदार खाली बघत राहिला.

"चालली असती?"

"मला सांगितलं असतं तर, ताई. एक शब्द. मला वाटलं गाडी. सगळ्यांना गाडीचीच घाई असते. काकांनी फोन केला तेव्हा मी हसलो हो. मी हसलो." त्याचा आवाज फुटला. "त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः बूट घालून यावरून चाललोय."

 लेकीने फाटकाची कडी धरून ठेवली होती. मग अगदी हळू म्हणाली, "बाबांना हे कळता कामा नये. ते जगणार नाहीत. तुम्ही त्यांना सांगा, आणलं असतं तर रस्ता टिकला नसता."

"ताई, मी जन्मभर लोकांना जास्तीचं सांगत आलो. त्याचंच हे फळ आहे. आता पुन्हा—"

"आणखी एकदा सांगा," लेक म्हणाली. "हात जोडते."

ती बोळातून आत गेली. थोड्या वेळाने पोर्चमध्ये काका आले. दाढी वाढली होती, पण शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. ठेकेदार दोरी सोडून उतारापर्यंत गेला आणि खालीच थांबला.

"काका." त्याने हातातली दोरी खाली टाकली. "आत्ता कळलं मला. ताईंनी सांगितलं."

काकांनी मान हलवली.

"काका, एक सांगतो. मनात काही आणू नका. तेव्हा रस्ता फार कच्चा होता. वरून दिसतो तसा नसतो तो, आतून ओला असतो. खुर्ची घातली असती तर..." तो कपाळावरचा घाम पुसायला थांबला. "टिकला नसता. काकूंनाच इजा झाली असती."

काका त्याच्याकडे बघत होते. औषधाच्या दुकानात कुणी चिठ्ठी खाडाखोड करून आणली की ते असेच बघायचे, आणि ती चिठ्ठी कधीही चालवून घ्यायचे नाहीत.

"चाकं रुतली असती?" त्यांनी विचारलं.

"रुतली असती."

"किती?"

ठेकेदाराने बोटाचं पेर दाखवलं.  काकांची नजर त्या बोटावरून त्याच्या नव्या शर्टावर गेली, तिथून त्याच्या लाल झालेल्या डोळ्यांवर, आणि मग पोर्चला लागून असलेल्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. आत नळ सुरू होता, भांडी वाजत होती. गेले कित्येक दिवस लेक भांडीच घासत होती. घासलेली पुन्हा घासत होती, आणि तिच्या डोळ्याला पाणी आलेलं काकांनी पाहिलं नव्हतं.

काकांनी घसा साफ केला, आणि काउंटरमागून बोलायचे त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "म्हणजे तिला आणलं नाही, ते बरोबरच केलं मी."

"हो काका."

"दुसरा काही इलाज नव्हता."

"नव्हता, काका."

आत भांड्यांचा आवाज थांबला. नळ मात्र वाहत राहिला, आणि त्या पाण्याच्या आवाजातून आधी एक हुंदका आला, मग दुसरा, आणि मग लेक लहानपणी रडायची तशी मोकळ्या गळ्याने रडायला लागली.

ठेकेदार हात जोडून उभा राहिला. त्याला काकांच्या पाया पडावंसं वाटत होतं, पण पाऊल पुढे उचलेना. काकाच दोन पावलं उतारावरून खाली आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काम चांगलं केलंत तुम्ही," ते म्हणाले. "जा आता. ती रडतेय. मला आत गेलं पाहिजे."